पितृपंधरवड्यात आलेला फोन: ठाण्यातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करते. कुणी नव्या यंत्राचं मागणीपत्र पाठवलं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जुन्याला काय झालंय, आणि ते कुणी पाहिलंय? निम्मी मागणीपत्रं इथेच गळतात. त्यामुळेच असेल, सोसायटीत कुणाकडे मोठी खरेदी निघाली की मला चहाला बोलावणं येतं. हे प्रकरण अशाच एका चहातलं. माणसांची नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, आणि लिहायला घरच्यांची परवानगी आहे. ओमची परवानगी थोडी कुरकुरत मिळाली, पण मिळाली.

घर ठाण्यात मानपाड्याला, घोडबंदर रोडपासून जरा आत. माणसं चार. मेघना, वय ४३, घरातूनच मोदक, पुरणपोळ्या आणि दिवाळीचा फराळ करून विकते. नवरा सुहास ऐरोलीत नोकरीला. मुलगा ओम बारावीत. आणि मेघनाच्या सासूबाई, ज्यांना अख्खी बिल्डिंग आजी म्हणते. धंदा मुळात आजींचा. नौपाड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत असताना त्यांनी चकलीपासून सुरुवात केली. आता हात मेघनाचा चालतो, पण डब्यावरच्या लेबलवर ऑर्डरसाठी छापलेला नंबर अजून आजींचाच आहे. जुनी गिऱ्हाइकं तोच फिरवतात. या नंबराकडे मी सुरुवातीला अजिबात लक्ष दिलं नाही. ती चूक पुढे येईलच.

घरात फोनची एक साखळी होती, बहुतेक घरांत असते तशी. नवा फोन वरच्याला, वरच्याचा मधल्याला, मधल्याचा आजींना. मेघनाकडे आयफोन १३, २०२१ च्या दिवाळीत घेतलेला, १२८ जीबीचा. ओमकडे तीन वर्षांचा अँड्रॉइड. आजींकडे त्याआधी ओमकडे असलेला, २०१८ सालचा. सुहासचा फोन कंपनीचा, तो या खेळात नाही.

९ सप्टेंबर २०२५ ला आयफोन १७ जाहीर झाला. भारतात किंमत ८२,९०० रुपयांपासून, विक्री १९ सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला बोलावणं आलं.

काय हवं होतं, आणि का

मेघनाची तक्रार खोटी नव्हती. सकाळी सहाला पूर्ण चार्ज केलेला फोन दुपारी तीनला मान टाकायचा. व्हिडिओ काढताना मध्येच 'स्टोरेज फुल'चा निरोप. आणि खरी बोच वेगळी होती: कासारवडवलीच्या एका बाईंनी वर्षभरापूर्वी असाच धंदा सुरू केला, त्यांच्या इन्स्टाग्रामवर करंजीचे पदर मोजता यावेत असे फोटो. "माझी करंजी तिच्यापेक्षा चांगली आहे गं," मेघना म्हणाली, "पण दिसते तिची."

ओमनं तोवर तयारी करून ठेवली होती. नव्या फोनचा पडदा एका सेकंदाला १२० वेळा ताजा होतो, जुन्याचा ६० वेळा. मागचे दोन्ही कॅमेरे ४८ मेगापिक्सेलचे, जुन्याचे १२ चे. सुरुवातच २५६ जीबीपासून. चार्जिंगला टाइप सी, म्हणजे घरात एकच केबल पुरेल. सगळं बरोबर होतं, आणि एवढ्या तयारीनं पोरगा रसायनशास्त्राला बसला असता तर बरं, असं मला वाटलं. मी विचारलं, "मग आईचा जुना फोन कुणाला?" तो म्हणाला, "बघू ना, कुणाला तरी लागेलच." सुहासनं माझ्याकडे पाहिलं आणि चहाचा कप तोंडाला लावला.

त्या क्षणी आजींनी आतून फर्मान काढलं. पितृपंधरवडा चालू आहे. सर्वपित्री २१ तारखेला. तोवर घरात नवी वस्तू येणार नाही. १९ ला रांगेत उभं राहण्याचा बेत तिथेच संपला.

ओमला हा अन्याय वाटला. मला मात्र आयते अकरा दिवस मिळाले. आमच्या विभागात दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पंधरा दिवस थांबायचा नियम आहे, तो कुणी पाळत नाही. इथे नियम आजींचा होता, त्यामुळे पाळला गेला.

पहिला निर्णय: नोंदी ठेवायच्या

मी सुचवलं ते साधं होतं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी एक कागद चिकटवायचा. फोननं दगा दिला की तारीख, वेळ आणि एका ओळीत काय झालं ते लिहायचं. 'फोन जुना झालाय' असं लिहायचं नाही.

माझा हेतू फक्त मेघनाच्या नोंदी मिळवायचा होता. पण कागद भिंतीवर लागला की तो सगळ्या घराचा होतो. आजींना बारीक अक्षरात लिहायला जमत नव्हतं, त्या ओमला सांगायच्या आणि तो कंटाळून लिहायचा: 'आजी: हॅलो हॅलो'. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'आजी: हॅलो हॅलो'. तिसऱ्या दिवशी नुसतंच 'आजी: तेच'.

अकरा दिवसांत २६ नोंदी झाल्या. मेघनाच्या १४: सात बॅटरीच्या, चार जागेच्या, तीन फोटोंच्या. ओमच्या तीन, तिन्हींत 'स्लो' एवढंच. आणि आजींच्या नऊ.

मेघनाच्या फोनला नेमकं काय झालं होतं

बॅटरी आधी पाहिली. सेटिंगमध्ये तिचं आरोग्य ७७ टक्के दाखवत होतं आणि खाली सर्व्हिस करून घ्या असा सल्ला. लिथियम-आयन बॅटरी वापरानं झिजते, यात बिघाड असा काही नाही. अ‍ॅपलच म्हणतं की आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी चार्जिंगच्या ५०० पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरेल अशी बनवलेली असते. रोज एकदा पूर्ण वापरली तर हे दीड वर्षात होतं, इथे जवळजवळ चार वर्षं झाली होती. शिवाय मेघना फोन चार्जिंगला लावायची तो प्लग गॅसच्या ओट्याला लागून. चार शेगड्या पेटलेल्या, तळण चालू, आणि फोन तिथेच तापत पडलेला. ३५ अंशांच्या वरच्या हवेत फोन वापरू नये असं कंपनी सांगते. फराळाच्या दिवसांत त्या ओट्यावर काय तापमान असेल ते मोजायलाही नको.

१५ सप्टेंबरला आयफोनची नवी सिस्टिम, आयओएस २६, आली आणि ओमनं उत्साहानं आईच्या फोनवर ती टाकली. पुढचे दोन दिवस बॅटरी आणखी लवकर संपली. मोठ्या अपडेटनंतर फोन आतल्या आत सगळ्या फोटोंची, फायलींची नव्यानं मांडणी करतो, त्यामुळे असं होतं आणि मग निवळतं. पण घरात त्याचा अर्थ लगेच लागला: "बघ, जुना फोन नव्या सिस्टिमला झेपत नाही." सात नोंदींतल्या तीन याच दोन दिवसांतल्या आहेत. मी त्या वगळल्या नाहीत, पण वेगळ्या खुणेनं दाखवल्या.

जागेचं कोडं दहा मिनिटांत उलगडलं. १२८ पैकी ४१ जीबी व्हॉट्सअ‍ॅपनं खाल्ले होते: सुप्रभातची फुलं, सोसायटीच्या ग्रुपवरचे पाण्याच्या टँकरचे व्हिडिओ, आणि गेल्या चार वर्षांतल्या प्रत्येक गिऱ्हाइकानं पाठवलेला पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट. नव्या फोनमध्ये २५६ जीबी मिळाले असते, आणि त्यातही आधी हेच जाऊन बसलं असतं.

पर्याय

पहिला, आयफोन १७ घेणं. जुना बदली देऊन किती सूट मिळेल ते विचारलं तर एका दुकानात २१,००० सांगितले, दुसऱ्यात बॅटरीचा आकडा पाहून १८,५००. पण इथे साखळी आडवी येत होती. जुना फोन दुकानात दिला तर ओमला काय? म्हणजे घराच्या मनातली किंमत ६१,९०० नव्हती, पूर्ण ८२,९०० होती. हे कुणी उघड बोलत नव्हतं. मी कागदावर लिहून दाखवलं तेव्हा ओम पाणी प्यायला उठला.

दुकानदार म्हणाला, नो कॉस्ट ईएमआय आहे, सहा हप्ते, १३,८१७ चा एक. मी हिशेब मांडला. यात व्याज असतंच. दुकान किंवा कंपनी तेवढी रक्कम सूट म्हणून आधी वजा करते आणि बँक ती व्याज म्हणून घेते. वर्षाला १६ टक्क्यांचा दर धरला तर सहा महिन्यांचं व्याज साधारण ३,७४० रुपये. ते सुटीत जिरतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, ६७० च्या पुढे, तो तुमच्या खिशातून. वर प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर. 'बिनखर्चाला' नऊशे रुपये. फार नाही, पण नावाला शोभत नाही.

"बिझनेसच्या नावानं बिल घ्या, जीएसटी परत मिळतो," हाही सल्ला तिथेच मिळाला. ८२,९०० मध्ये १२,६४६ रुपये कर आहे, म्हणून मोह होतो. पण कर वळता करून घ्यायला आधी जीएसटीत नोंदणी लागते. मेघनाची उलाढाल त्या मर्यादेच्या खूप खाली. तिच्याकडे अन्नसुरक्षेची वर्षाला शंभर रुपयांवाली छोटी नोंदणी आहे, तेवढीच.

आणखी एक समज त्या दिवसांत सगळीकडे होता: २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू होणार, मग फोन स्वस्त होतील. एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. मोबाइलवर आधीपासूनच १८ टक्के होते आणि तेच राहिले.

दुसरा पर्याय, आदल्या वर्षीचा आयफोन १६. नवा आल्यावर त्याची किंमत ७९,९०० वरून ६९,९०० झाली. यात कुणालाच रस नव्हता. ओमच्या भाषेत "ना इकडचा ना तिकडचा". मला तो नाकारण्याचं कारण वेगळं वाटत होतं, पडदा त्यातही ६० चाच आणि जागा १२८ जीबीच. नोंदींतली जागेची एकही ओळ त्यानं पुसली जात नव्हती. बॅटरी नवी मिळाली असती आणि फोटो अगदी जवळून काढता आले असते, एवढंच.

तिसरा, दुरुस्ती. नवी बॅटरी, आणि जागेची साफसफाई.

चौथा, काहीच न करता दिवाळी काढणं. सुहासचं मत या बाजूला होतं, पण सुहासचं मत दर खरेदीत याच बाजूला असतं.

डबा घेऊन दुकानात

फोटोंच्या तीन नोंदी मात्र दुरुस्तीनं सुटणाऱ्या नव्हत्या. आयफोन १३ ला अगदी जवळून फोटो काढता येत नाही, वस्तू काही अंतरावर धरावी लागते. १७ मध्ये मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची सोय, आहे. करंजीचे पदर, चकलीचा काटा, अनारशावरची खसखस, हे त्यानं खरंच वेगळं दिसणार. इथे ओमचं म्हणणं बरोबर होतं आणि मी ते मान्य केलं.

मग आम्ही २० तारखेला शनिवारी एक उद्योग केला. मेघनानं नमुन्याला म्हणून केलेल्या चकल्या आणि अनारसे एका स्टीलच्या डब्यात घेतले आणि आम्ही मॉलमधल्या दुकानात गेलो. पाहायला पितृपक्षात हरकत नसते, हे आजींकडून आधी वदवून घेतलं होतं. काउंटरवर ताटली मांडली, पांढरा रुमाल अंथरला, आणि मेघनानं दोन्ही फोननं तेच फोटो काढले. दुकानातला मुलगा आधी गोंधळला, मग त्यानं एक चकली खाल्ली आणि आमच्यासाठी उजेड जास्त असलेला कोपरा शोधून दिला.

तिथल्या पडद्यावर फरक स्वच्छ दिसत होता. आम्ही फोटो मेघनाच्या फोनवर घेतले, घरी आलो, आणि तिनं सहा जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर जोड्या पाठवल्या: कुठला चांगला? मॅक्रोनं काढलेला अनारसा सहाही जणींनी ओळखला. बाकीच्या चार जोड्यांत उत्तरं कशीही पडली. एकीनं लिहिलं, "दोन्ही छान, भाव काय?" गिऱ्हाइकापर्यंत जाताना व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, इन्स्टाग्राम १०८० पिक्सेल रुंदीवर आणतं. ४८ मेगापिक्सेलमधले बहुतेक वाटेतच सांडतात.

त्यानंतर मेघनानं स्वतःच एक गोष्ट केली, जी मला सुचली नव्हती. कासारवडवलीच्या बाईंचे फोटो ती मोठे करून पाहत बसली. म्हणाली, "हिच्या सगळ्या फोटोंत उजेड डावीकडून येतो. ही खिडकीपाशी काढते. मी ट्यूबलाइटखाली काढते." दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तिनं बेडरूमच्या खिडकीत पाट मांडला.

एक मुद्दा ओमनं शेवटपर्यंत धरून ठेवला होता: जुन्या फोनला अ‍ॅपल इंटेलिजन्स, म्हणजे अ‍ॅपलच्या एआय सोयी, मिळत नाही. खरं आहे, ते १५ प्रो पासून पुढे. पण त्यात मराठी नाही, आणि मेघनाच्या निम्म्या ऑर्डरी मराठीत बोललेल्या व्हॉइस मेसेजनं येतात. "ताई, ते मागच्या वेळचं, थोडं कमी गोड" याचा अर्थ लावणारं यंत्र अजून मेघनाच आहे.

कागदावरच्या नऊ ओळी

२१ च्या संध्याकाळी आम्ही कागद भिंतीवरून काढला. मी मेघनाच्या नोंदी रंगवत होते. सुहास उलट्या बाजूनं वाचत होता. तो म्हणाला, "आईच्या नऊ आहेत."

मी म्हटलं, हो, पण त्या वेगळ्या.

"वेगळ्या कशा? यातल्या चार ऑर्डरच्या दिसतात."

आजींना विचारलं. फोन वाजतो, त्या उचलतात, आणि पलीकडच्याला ऐकू जात नाही. किंवा वाजतच नाही, मागाहून मिस्ड कॉल दिसतो. कधी पडदा गोठतो. "मी म्हटलं माझंच काही चुकत असेल," आजी म्हणाल्या. "तुमची चर्चा चालली होती, मध्ये कुठे बोलायचं." नऊपैकी चार फोन ओळखीच्या गिऱ्हाइकांचे होते. मेघनानं त्याच रात्री चौघांना फोन लावले. दोघींनी ऑर्डर दिली. एकीनं सहज केला होता. चौथे वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसातले गृहस्थ, त्यांना दिवाळीला पंचवीस डबे हवे होते. त्यांनी दोनदा फोन केला, आवाज आला नाही, त्यांनी दुसरीकडे सांगून टाकलं. डब्याला ६५० रुपये धरले तर १६,२५० ची ऑर्डर. मेघना म्हणते ती मिळालीच असती. मला तेवढी खात्री नाही, ऑफिसवाले भाव चार ठिकाणी विचारतात. पण विचारायला त्यांना कुणी सापडलंच नाही, हे तर झालंच.

साखळीत पैसे नेहमी वरच्या टोकाला ओतले जातात आणि झिरपत खाली येतात. खाली पोचेपर्यंत फोन सात वर्षांचा होतो. आणि या घरात धंद्याचा दरवाजा खालच्या टोकाला होता.

काय केलं

बॅटरीचं काम खरं तर आधीच, १७ तारखेला उरकलं होतं. दुरुस्ती ही खरेदी होत नाही, असा निवाडा आजींनी दिला. स्टेशनजवळच्या एका दुकानात दोन हजारांत बॅटरी बदलून मिळत होती. अधिकृत केंद्रात आठ हजारांच्या आसपास, नव्या फोनच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाएवढी. इथे घरात मतभेद झाला. स्वस्त बॅटरी घातली की फोन सेटिंगमध्ये सुटा भाग ओळखीचा नसल्याचं सांगत राहतो आणि पुढे विकताना भाव पडतो. पण मुख्य कारण गॅसचा ओटा होता. त्या उष्णतेजवळ कुठली तरी बॅटरी नको, असं मी सांगितलं. आज विचाराल तर मी पुन्हा तेच सांगेन, मात्र आधी प्लगची जागा बदलायला लावेन. ती बदलायला ऑक्टोबर उजाडला.

१७ नंतर कागदावर बॅटरीची एकही नोंद नाही.

जागेसाठी सुहासनं एक रविवार घातला. व्हॉट्सअ‍ॅपमधून मोठे व्हिडिओ उडवले, जुने फोटो लॅपटॉपवर घेतले, आणि २०० जीबीचं आयक्लाउड, म्हणजे अ‍ॅपलची ऑनलाइन साठवण, महिना २१९ रुपयांत लावलं. घरातल्या मोठ्या खरेद्यांना नाही म्हणणारा माणूस मासिक वर्गणीला लगेच तयार होतो, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. वर्षाचे २,६२८ होतात.

आजींसाठी दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, १३,९९९ चा फाइव्ह जी अँड्रॉइड घेतला. निवडताना तीनच गोष्टी पाहिल्या: स्पीकर मोठा आहे का, पुढची काही वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत का, आणि अक्षरं मोठी केल्यावर फोनचा पडदा कसा दिसतो. आजींनी दुकानात चौथी गोष्ट जोडली, पदराआड कमरेला खोचता येतो का. त्यांच्या आयुष्यातला हा पहिला कोरा फोन. आधीचे सगळे कुणाचे तरी उतरवलेले.

फोटोंसाठी नऊशे रुपयांचा ट्रायपॉड आला. पांढरा रुमाल घरचाच.

एकूण खर्च साडेपंचवीस हजारांच्या आसपास.

निष्पत्ती

सुरळीत झालं नाही. जुन्या फोनवर आजी हिरवं बटण बाजूला सरकवून फोन घ्यायच्या. नव्यावर वर सरकवावं लागत होतं. दसऱ्यानंतरचे दोन दिवस त्यांनी एकही फोन नीट उचलला नाही, आधीपेक्षा जास्त कॉल चुकले. ओमनं तिसऱ्या दिवशी सेटिंग बदलून दिली आणि त्यानंतर स्वतःच्या फोनवरून वीस वेळा फोन लावून सराव करून घेतला. यूपीआय पुन्हा नोंदवताना सिम आधीच्या फोनमध्येच राहिलं होतं, त्यात एक संध्याकाळ गेली. हा फोन धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबरला घ्यावा असंही एकदा घाटत होतं. घेतला असता तर हा सगळा गोंधळ ऐन फराळाच्या घाईत झाला असता.

दिवाळीत ऑर्डरी गेल्या वर्षीपेक्षा जास्त झाल्या. त्यातल्या किती आजींच्या फोनमुळे, किती खिडकीतल्या फोटोंमुळे आणि किती नुसत्या वाढल्या, हे मी सांगू शकत नाही आणि मेघनालाही सांगता येत नाही. आजींच्या नंबरावर आलेले फोन मात्र उचलले गेले, हे ठामपणे सांगता येतं.

आयफोन १३ दुपारी तीनऐवजी रात्री अकरापर्यंत टिकतो. तो अजून किती वर्षं चालेल याचा एक अंदाज बांधता येतो: आयओएस २६ नं २०१८ चे आयफोन एक्सएस आणि एक्सआर वगळले, म्हणजे त्यांना सात वर्षं मिळाली. तोच हिशेब लावला तर २०२१ चा फोन २०२८ पर्यंत जावा. कंपनीनं तसं वचन दिलेलं नाही.

ओमला काहीच मिळालं नाही. तो आठवडाभर कमी बोलला.

वेगळं काय करता आलं असतं

माझी चूक आधी. मी मागणी ज्यानं केली त्याचीच बाजू तपासली. कारखान्यात असं केलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, या यंत्राच्या आधीचं आणि नंतरचं यंत्र पाहिलंस का? आजींच्या नोंदी कागदावर आल्या त्या अपघातानं, आणि वाचल्या गेल्या त्या सुहासमुळे. पहिल्याच दिवशी घरातले चारही फोन टेबलावर मांडायला हवे होते.

बॅटरीचं आरोग्य ८० टक्क्यांखाली गेलं तेव्हाच, म्हणजे बहुधा वर्षभर आधी, ती बदलायला हवी होती. तसं झालं असतं तर 'फोन गेला' ही भावना घरात इतकी मुरलीच नसती, आणि सप्टेंबरात नव्या फोनची जाहिरात कुणी एवढ्या आशेनं पाहिली नसती.

दुकानातल्या चाचणीत एक दोष राहिला. आम्ही दुकानाच्या उजेडात फोटो काढले. मेघनाचं काम स्वयंपाकघरातल्या उजेडात चालतं. कमी उजेडात नव्या कॅमेऱ्याचा फायदा कदाचित जास्त दिसला असता, आणि मग निर्णय इतका सोपा राहिला नसता. मेघनाच्या व्यवसायाचा जोर व्हिडिओंवर गेला तर हा प्रश्न पुन्हा उघडावा लागेल.

आणि ओमशी सरळ बोलायला हवं होतं. त्याला आयफोन हवा होता, यात गैर काही नाही. पण तो स्वतःसाठी मागू शकत नव्हता म्हणून आईच्या नावानं मागत होता, आणि आम्ही मोठे सगळे ते ओळखूनही आईच्या फोनचे मेगापिक्सेल मोजत बसलो. नंतर सुहासनं त्याला सांगितलं की बारावीनंतर तुझ्या फोनची चर्चा तुझ्या नावानं करू, रक्कम आधी ठरवून. ओमनं विचारलं, किती? त्यावर बापलेकांची घासाघीस अजून चालू आहे.

मधल्या काळात आजींनी नव्या वर्षाचं कॅलेंडर आणून चाळलं. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे सगळं पुढे सरकलंय. गणपती १४ सप्टेंबरला, पितृपक्ष त्याच्याही नंतर. ओमनं आनंदानं हिशेब केला की पुढच्या सप्टेंबरात नवा फोन आला तर पितृपंधरवडा आडवा येणार नाही. आजी म्हणाल्या, "गणपतीत? आणि मोदक कोण वळणार, तू?"